येळवसचा रोट

सिद्धम्माचा रोट बसलिंगप्पांना दातांवाचून खाता येत असे. तोंडात चारच दात उरले होते आणि तेही एकमेकांसमोर नव्हते. सुनेच्या रोटाबद्दल ते कधी तक्रार करत नसत. त्यांच्या तोंडची स्तुती ती एवढीच.

तसा रोट साधा. कणकेत गुळाचं पाणी, बडीशेप, सुंठ, जायफळ, वरून खसखस. पितळी पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे. कापला की आत उमललेल्या बोंडासारखा. भावकीतल्या बायकांनी हे सगळं असंच करून पाहिलं होतं. त्यांच्या रोटाने खुंटी ठोकता आली असती.

"देगलूरकडच्या पाण्याचा गुण हाय," बसलिंगप्पा सांगत. सून देगलूरकडची होती हे खरं. पाणी मात्र त्यांच्याच विहिरीचं होतं, पण म्हाताऱ्या माणसाला हे कोण सांगणार?

गुण शिंदीचा होता, शिंदीच्या झाडाच्या आंबलेल्या रसाचा. सिद्धम्माची आई आदल्या दिवशी काढलेल्या शिंदीत कणीक भिजवून रात्रभर फुगवायची, तेच ती शिकून आली होती. इकडे बसलिंगप्पा गळ्यात लिंग बांधणारे. शिंदीच्या दुकानावरून जाताना उपरण्याने नाक दाबून घेणारे. पहिल्या वर्षी सिद्धम्माला सांगायचा धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी पहिला तुकडा देवाला दाखवला, आणि मग सांगायची सोयच उरली नाही. शिंदी काढणाऱ्या नरसिंगची बायको भामाबाई शेणाच्या पाटीत तांब्या लपवून आणून द्यायची.

मग पाऊस गेला आणि जिल्हा आला. पावसावाचून नाल्यावरची शिंदीची झाडं आटली. जिल्हा लातूरचा झाला तशी दारूबंदीची जीपही जवळ आली. पूर्वी ती उस्मानाबादहून निघायची, दुपारी पोचायची, आणि तिच्या आधी तिची बातमी पोचायची. आता ती न्याहारीच्या आत येऊ लागली. परवाना नसलेल्या नरसिंगने मडकी उतरवून ठेवली.

दिवाळीचा रोट सिद्धम्माने ताकात भिजवला. बसलिंगप्पांनी तो दुधात बुडवला, बराच वेळ त्याची वाट पाहिली आणि म्हणाले, "जिल्हा बदलला, तसा गव्हातला दम गेला." नुसतं दूध पिऊन ते उठले. सिद्धम्माला तेवढंही जेवण गेलं नाही.

येळवसच्या आदल्या दिवशी तिने भामाबाईला गाठलं. "भामाक्का, एक तांब्या."

"एकच झाड ओलं हाय, बाई. तुमच्याच बांधावरचं."

"मग चोरी तरी न्हाई."

मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला सारा गाव शेतात जेवतो. यंदा कडबा नव्हता, म्हणून पांडवांच्या पूजेची कडब्याची खोपटी, कोप, गुडघ्याएवढीच झाली. आंबील शिंपडून झाली, बसलिंगप्पांनी रोटाचा पहिला तुकडा देवाला दाखवला, आणि तेवढ्यात वाटेवर जीप दिसली. येळवसला वाटेवरचा माणूस उपाशी जाऊ देऊ नये, अशी त्यांच्या घरची रीत. त्यांनी उपरणं हलवून जीप थांबवली. ती दारूबंदीची निघाली.

जेवायला आलेली भामाबाई आंबिलीची वाटी खाली ठेवून, काहीच न उगवलेल्या शेताकडे मन लावून पाहू लागली.

साहेब मांडी घालून बसले. रोटाचा तुकडा त्यांनी तोंडाशी नेला आणि तिथेच थांबवला. वास घेणं ही त्यांची नोकरीच होती.

"वहिनी, कणीक कशात भिजवली?"

"देगलूरकडच्या पाण्याचा..." बसलिंगप्पांनी सुरुवात केली.

सिद्धम्माने सासऱ्यांच्या तळहाताकडे पाहिलं. देवाचा तुकडा अजून तिथेच होता. साहेबांनी सांगण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं.

"शिंदीत," ती म्हणाली. "मामा, दर साली शिंदीतच."

तिचा नवरा बसवराज आपल्या पायाचा अंगठा तपासू लागला.

"लग्नापासून?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"हाव."

"देवाला बी?"

"हाव."

त्यांनी तुकडा पानावर ठेवला. सिद्धम्माला आपली पत्र्याची पेटी दिसली, देगलूरची एस.टी. दिसली, दारात उभी आई दिसली. बसलिंगप्पा तुकड्याकडे बघत राहिले. मग साहेबांकडे वळले.

"साहेब, तुम्ही सरकारी माणूस. भाजल्यावर ही शिंदी, का रोट?"

साहेबांनी तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला. "नशा विस्तवात उडून जाती, मामा. भाजलेलं आमच्या खात्यात येत न्हाई."

"मग देवाच्या खात्यात?"

"ते खातं अजून लातूरला आलं न्हाई. उस्मानाबादलाच हाय."

बसलिंगप्पांनी मान डोलावली. उस्मानाबाद लांब होतं, आणि या वयात कचेऱ्यांचे हेलपाटे त्यांच्याने होणार नव्हते. त्यांनी तुकडा उचलला आणि दातांवाचून खाल्ला.

"आन् झाड कुणाचं?" साहेबांनी दुसरा तुकडा घेत विचारलं.

भामाबाईने शेताकडचं तोंड वळवलं नाही.

"माझ्या बांधावरचं," बसलिंगप्पा म्हणाले. "वाळून राहिलंय बिचारं. उद्यापासून घागरभर पाणी टाकावं म्हणतो."

साहेबांनी हे कुठे लिहून घेतलं नाही. त्यांची बोटं गुळाने चिकट झाली होती.