सुपातलं पीठ

आमच्या घरात एक दुरडी होती. मला आठवतं तेव्हा तिच्याखाली कोंबडी निजायची. त्याआधी मात्र वर्षानुवर्षं तिच्यात गावाच्या भाकरी यायच्या. मुलांना हे सांगायला बसलं की ती विचारतात, गावाच्या म्हणजे कुणाच्या? तर रीत अशी होती. आमच्या माणसांनी गावाची लाकडं फोडायची, सांगावे पोचवायचे, मेलेली गुरं ओढायची आणि संध्याकाळी दुरडी घेऊन दारोदार हाक द्यायची. मग घरोघरची बाई भाकरी टाकणार, तीही वरून, हात लागणार नाही अशा बेतानं. छप्पन सालानंतर आम्ही बौद्ध झालो आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती दुरडी पालथी घातली.

चौसष्टच्या हिवाळ्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक सरकारी जमीन कसायला द्या, हे मागणं. वडूजकडून माणसं निघाली, त्यांत आण्णाही निघाले. आई धाकट्या साळूच्या वेळी बाळंतपणातच गेली होती. आम्हा दोघी बहिणींना सांभाळायला उरली आमची आत्या, भामाबाई. निघताना आण्णा तिला म्हणाले, "भामे, काय बी कर, पण कुणाच्या घरचं शिजल्यालं आणू नगंस."

दाणे आणले तर ती मजुरी. भाकरी आणली तर परत दुरडी. एवढं आम्हा पोरींनाही कळत होतं.

आण्णा आधी साताऱ्याच्या आणि मग सांगलीच्या तुरुंगात गेले. इकडे गावानं आम्हाला कामाला बोलावणं सोडलं. कुणी भांडलं नाही, कुणी दार लावून घेतलं नाही. नुसतं बोलावलं नाही. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी थापतानाच मोडायची, म्हणून आत्या तिच्या कण्या शिजवायची. त्या पातळ होत गेल्या. पुढं मीठ घालून पाथरीचा पाला उरला. साळू रडायचीसुद्धा थांबली, तेव्हा आत्यानं कुऱ्हाड उचलली आणि आम्हाला घेऊन हिंदुरावांच्या परड्यात गेली.

गावातली निम्मी शेती हिंदुरावांची. ते त्या दिवशी इस्लामपूरला पाहुण्यांकडं गेलेले होते. मागच्या दारात त्यांची बायको बाळाबाई उभी होती. बाभळीचे ओंडके पडलेत ते फोडते, दाणे द्या, असं आत्यानं सांगितलं. बाळाबाईनं मान हलवली.

ऊन डोक्यावर येईपर्यंत आत्या लाकडं फोडत होती. आम्ही ढलप्या गोळा करत होतो. बाळाबाई मधेमधे दारात येऊन साळूकडं बघून जायची. शेवटी ती गरम भाकरी घेऊन बाहेर आली. वर झुणक्याचा गोळा होता.

"भामे, पदर धर," ती म्हणाली.

आत्याचे हात कुऱ्हाडीवरून हलले नाहीत. पण बाळाबाईच्या हाताला जन्माची सवय. तिनं वरूनच भाकरी सोडली आणि ती ढलप्यांत पडली.

दोघीही खाली बघत राहिल्या. साळू वाकली.

"साळे, ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली.

"ताजी हाय गं. उरलंसुरलं न्हाई देत मी."

"ठावं हाय, वैनी. ताजी हाय म्हणूनच लय जड जातंय. पर शिजल्यालं घेत न्हाई आमी. दाणं द्या."

बाळाबाई उंबऱ्यावर बसली. "दाणं कुठनं देऊ? कोठीची किल्ली त्येंच्या कडदोऱ्याला. माझ्या हातात चूल तेवढी हाय."

म्हणजे एकीला शिजवलेलंच देता येत होतं आणि दुसरीला तेच घेता येत नव्हतं. आत्याही ओंडक्यावर टेकली. तिच्या हातांना फोड आले होते. एक कोंबडी येऊन भाकरी टोचायला लागली. तिला कुणी हाकललं नाही.

बऱ्याच वेळानं बाळाबाई उठून आत गेली. जात्याभोवतीचं पीठ तिनं सुपात भरून आणलं आणि आत्याच्या पायाशी ठेवलं.

"हे तर शिजल्यालं न्हाई न्हवं?"

आत्या पिठाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाई." आणि आपल्या हातानं तिनं ते पदरात भरून घेतलं.

हिंदुराव घरी नसत त्या दिवशी आत्या कुऱ्हाड घेऊन जायची. असा हिवाळा निघाला.

आण्णा सुटून आले तेव्हा त्यांचा सदरा अंगावर लोंबत होता. जमीन मिळाली का, साळूनं विचारलं. बघू म्हणालेत, आण्णा म्हणाले, आणि भिंतीला टेकून बसले.

आत्या भाकऱ्या थापत होती. ताटात वाढण्याआधी तिनं सांगून टाकलं, "पीठ हिंदुरावाच्या घरचं हाय. लाकडं फोडून आणलंय. शिजल्यालं कवा आणलं न्हाई." एवढं बोलून ती चुलीकडं बघत बसली. आण्णा काय म्हणतात याची मला भीती वाटत होती. तिला माझ्याहून जास्त वाटत असणार.

"भामे," आण्णा म्हणाले, "तिथं मी रोज शिजल्यालंच खाल्लं. रांगत हुबं ऱ्हायचं, थाळी फुडं करायची. वाढणारा वरनंच टाकायचा."

आत्यानं तव्यावरची भाकरी काढली. आण्णांचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर ठेवली. भाकरी चांगलीच कढत होती, पण आण्णांनी हात मागं घेतला नाही.