अकरावा प्रश्न

"दार बंद नाही," मी म्हटलं. "इंग्रजीत सांगा."

बाबांनी डोळे मिटले. ओठ हलले, आवाज आला नाही. मग डोळे उघडून म्हणाले, "हे अजून यायचंय."

"काय यायचंय?"

"हे कार्ड. आधी 'वाफ सोडा', मग 'काटा बघा', मग 'दार बंद नाही'. तू मधलंच काय काढलंस?"

"मी पिसली कार्डं."

"का? पत्ते खेळतोय का आपण?"

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलले, हसत असावी.

मी कार्डं का पिसली, ते मला धड सांगता येत नव्हतं. चौदा दिवस मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बाबांचा आलेख काढत होते. पहिल्या दिवशी कार्डांवरच्या चाळीसपैकी सहा वाक्यं बरोबर. आदल्या संध्याकाळी अडतीस. रेघ इतकी सरळ वर गेली होती की मला तिचाच संशय आला. प्रयोगशाळेत अशी रेघ आली तर सर म्हणायचे, आधी उपकरण तपासा. म्हणून तपासलं. पिसलेल्या कार्डांवर चाळीसपैकी नऊ आली.

बाबा हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायच्या मशीनवर बावीस वर्षं होते. हत्यारांचे गठ्ठे रचायचे, दार लावून चाक आवळायचं, वाफ सोडायची, आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यायची. ती गेली की नळीचा आवाज बदलतो. तो बदल त्यांना पाठ फिरवून उभं राहूनही कळायचा. मशीनशेजारच्या भिंतीवर अकरा पायऱ्यांचा तक्ता होता आणि बावीस वर्षांत त्यातली एकही पायरी त्यांनी पुढेमागे केली नव्हती.

"क्रम चुकला तर माणूस मरतो," असं ते म्हणायचे. बढाई नव्हती त्यात. खरंच तसं होतं.

आता नवं मशीन येणार होतं. त्याला काटा नाही, चाक नाही. एक पडदा, आणि त्यावर सगळं इंग्रजीत. हॉस्पिटलने परीक्षा ठेवली होती: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं. प्रत्येकाला पंचवीस गुण, प्रत्येकात निम्मे तरी हवेत. पास होईल तो मशीनवर राहील. नापास होईल तो कपड्यांच्या गाड्या ढकलेल. पगार तोच. "पगार तोच आहे ना?" असं सगळे म्हणत, आणि बाबा दर वेळी "हो, तोच आहे" म्हणत.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन घरी बसले होते. बाबांना शिकवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. ते मला मास्तरीणबाई म्हणू लागले. कामावरून आले की हात कोपरापर्यंत धुवायचे, टेबलाशी बसायचे आणि म्हणायचे, "चला मास्तरीणबाई, भट्टी पेटवा."

त्यांचं पाठांतर दांडगं होतं. पण भाषा त्यांनी तक्त्यासारखी उचलली होती, पहिल्या पायरीनंतर दुसरी. वाक्य ऐकून त्यांना अर्थ आठवत नव्हता, पुढचं वाक्य आठवत होतं.

परीक्षेला पाच दिवस उरले होते.

"आता काय करशील?" बाबा खोलीत गेल्यावर आईने विचारलं.

"पहिल्यापासून शिकवावं लागेल. पाच दिवसांत नाही होणार."

"मग जे येतंय ते मोडू नकोस. त्यांना वाटतंय येतंय. तेवढं तरी राहू दे."

बोलण्याच्या परीक्षेसाठी दहा प्रश्नांचा कागद आधीच मिळाला होता. विभागाच्या सिस्टरांनी बाबांना सांगितलं होतं की मागच्या तुकडीला कागदावरच्याच क्रमाने विचारलं. मी त्यावर भिस्त ठेवली. दहा उत्तरं, एकापाठोपाठ एक, अशी घोटून घेतली. नाव. किती वर्षं काम. विभाग कोणता. घरी कोण कोण. लाल दिवा लागला तर काय कराल. पाचव्या दिवशी बाबा ती झोपेतसुद्धा म्हणू शकले असते. उच्चारही सुधारले होते. हे चूक आहे, हे मला कळत होतं. तरी मी केलं.

परीक्षेच्या दिवशी आईने मला सोबत पाठवलं. लिहिणं, वाचणं, ऐकणं सकाळीच उरकलं. "चित्रं होती, खुणा करायच्या होत्या. बरं गेलं," बाबा म्हणाले. बोलण्याची परीक्षा दुपारी, एका लहान खोलीत. दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला काच होती आणि दार नीट लागत नव्हतं. मी बाहेरच्या बाकावर बसले.

परीक्षक बाई चाळिशीच्या, दमलेल्या, पण चेहऱ्याने प्रेमळ. बाबा समोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. पंख्याने बाईंचे कागद उडत होते. त्यांनी ते हाताने दाबले आणि हसून इंग्रजीत विचारलं, पंख्याचा त्रास होतोय का? कमी करू?

बाबांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण नाव, स्पष्ट आवाजात.

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांनी नाव विचारलं.

"ट्वेंटी टू इयर्स, मॅडम."

मी उठून उभी राहिले.

बाईंनी विचारलं, किती वर्षं काम करता? बाबांनी विभाग सांगितला. विभाग विचारला, तर घरी बायको आणि एक मुलगी आहे म्हणाले. घरी कोण असतं विचारलं, तेव्हा बाबांचा आवाज चढला, कारण हे त्यांचं सगळ्यात आवडतं उत्तर होतं: वाफ बंद करीन, दार उघडणार नाही, इंजिनिअरला बोलावीन.

एकही उच्चार चुकला नाही. माझा हात दाराच्या मुठीवर होता. काचेवर "परीक्षा सुरू आहे" असा कागद चिकटवला होता आणि मी तो पुन्हा पुन्हा वाचत होते. आत जाऊन काय म्हणणार होते मी? एक घर मागे सरका, बाबा?

बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा बाबांकडची उत्तरं संपली होती. ते शांतपणे बसून राहिले. मग उठले, "थँक यू, मॅडम," म्हणाले आणि बाहेर आले. कपाळावर घाम होता, पण चेहरा उजळला होता.

"दहाच्या दहा दिली," ते म्हणाले. "वर बाईंनी एक अकरावा टाकला, कागदाबाहेरचा. तो दिला सोडून. एकाने काय होतंय?"

"काही नाही होत," मी म्हटलं.

ते पाणी प्यायला गेले तशी मी आत शिरले. बाईंना सगळं सांगितलं: पाठ केलेली उत्तरं, पंख्याच्या प्रश्नाने एकाने सरकलेला क्रम. त्या ऐकून घेत होत्या.

"कळलं मला ते, तिसऱ्या प्रश्नालाच," त्या म्हणाल्या. "एकदा वाटलं, थांबवावं. पण ताई, उद्या पडद्यावर काय येईल ते काही क्रमाने येणार नाही. तिथे त्यांनी दुसऱ्याच ओळीचं उत्तर दिलं, तर?"

मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते.

घरी बाबांनी आईला सगळं रंगवून सांगितलं. मग मला म्हणाले, "थांबायचं नाही हं. नव्या पडद्यावर वाचावं लागणार."

निकाल यायला तीन आठवडे होते. आता घाई नव्हती, म्हणून मी नीट शिकवलं. साबणाचं वेष्टन, गोळ्यांचं पाकीट, विजेचं बिल, हाताला येईल ते पुढे ठेवत गेले. बाबा अडखळायचे, चिडायचे, "याला काही आगापिछा आहे का?" म्हणायचे. पण अर्थ लागू लागला. एका संध्याकाळी त्यांनी औषधाच्या बाटलीवरची सूचना कोणी न विचारता वाचली आणि आईला म्हणाले, "अगं, हे हलवून घ्यायचंय. तू तसंच पितेस." मला आलेख काढावासा वाटला नाही.

पत्र त्यांनी कामावरून न उघडताच आणलं. हात धुतले, चष्मा पुसला.

"तू वाचू नकोस," मला म्हणाले. "नुसती बस."

पत्राच्या दोन प्रती होत्या. वरच्या प्रतीवर त्यांनी बोट ठेवलं. बोट एकेका शब्दावर थांबे, परत मागे जाई, पुढे सरके. मला समोरून उलटी अक्षरंही वाचता येत होती. मी नजर खिडकीकडे वळवली.

"हा शब्द?" त्यांनी विचारलं.

मला बघावं लागलं. "दिलगीर आहोत."

"म्हणजे त्यांना वाईट वाटतंय."

"हो."

बोट पुढे गेलं. अकरा मिनिटं लागली.

"काय लिहिलंय हो?" आईने विचारलं.

बाबांनी तिला सांगितलं. एकेक ओळ, मराठीत, काही न गाळता: ऐकण्यात चौदा, वाचण्यात तेरा, लिहिण्यात तेरा. बोलण्यात चार. एक तारखेपासून कपड्यांचा विभाग. बावीस वर्षांच्या सेवेबद्दल आभार. एकही चूक नव्हती.

मग माझ्याकडे वळले. "बोलण्यात तर मी सगळी उत्तरं दिली होती."

"उत्तरं बरोबर होती, बाबा." मी म्हटलं. "प्रश्न मागेपुढे झाले होते. बाईंनी आधी पंख्याचं विचारलं होतं."

ते टेबलावर बोटाने एकेक प्रश्न मोजू लागले. बहुधा पहिल्यापासून सगळं परत जुळवून पाहत असावेत.

"मग चार तरी कशाचे दिले?" त्यांनी विचारलं.

"मला नाही माहीत."

त्यांनी दुसरी प्रत पुढे ओढली. ती सही करून परत द्यायची होती. जागा दाखवायला मी बोट पुढे केलं. पण 'इथे सही करावी' ही खालची बारीक अक्षरांची ओळ त्यांनी तोवर वाचली होती. पेनचं टोपण काढून त्यांनी बरोबर तिच्या वरच्या जागेत, हळू, पूर्ण नावाची सही केली.