घाटातली चावी

टिटवीचं खरं नाव वेगळं होतं, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू असल्यामुळे घरीदारी सगळे तिला टिटवीच म्हणत. त्यात यंदा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने पहिला नंबर मारला, मग तर विचारूच नका! उत्तरेच्या डोंगरांत सहलीला निघाल्यापासून ती पुढच्या सीटवर बसून मागच्यांना सगळं रंगवून सांगत होती. तो बर्फाचा कडा बघा, ती सरळसोट झाडं बघा, आणि ते तळं तर असं, की कुणी दौतच उपडी केलीय.

गाडी भाड्याची होती आणि स्टीअरिंगवर बाबा होते. दुसरं कोण असणार? बाबांची उभी हयात शहरात बस चालवण्यात गेली होती आणि त्यांच्या बसला कधी साधा ओरखडा उठला नव्हता. बाबांचे जिवलग मित्र शिंपीकाका आणि काकूही सहलीला बरोबर होते. काका निघण्याआधी एवढंच म्हणाले, "डोंगरातला रस्ता आहे, तिथलाच ड्रायव्हर घेऊ की." त्यावर बाबा असे उसळले! "मी जिवंत असताना? मग तूही तुझा सदरा दुसऱ्या शिंप्याकडून शिवून घे!"

दुपारी डांबर संपलं. एका अंगाला उभा कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि मधे कठडा म्हणून नावाला एक दगडसुद्धा नाही. गाडी मुंगीच्या चालीने निघाली.

"ड्रायव्हरसाहेब, पुढचा स्टॉप कधी?" मागून काका ओरडले. "उतरून चालत गेलो तर आधी पोचू!"

"घाई कसली?" आई म्हणाली. "बघू देत की त्यांनाही जरा."

टिटवी हसत बाबांकडे वळली आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. बाबा काहीच बघत नव्हते. स्टीअरिंगवरच्या बोटांची पेरं पांढरीफटक पडली होती, कानामागून घाम ओघळत होता, आणि गाडी दरीपासून दूर, दूर सरकत पार कातळाला, चुकीच्या बाजूला जाऊन चिकटली होती.

तेवढ्यात वळणावरून लाकडांनी भरलेला ट्रक आला.

बाबांचे हात हललेच नाहीत. ट्रकवाल्याने करकचून ब्रेक लावला, चाकं दरीच्या काठापर्यंत नेली आणि जेमतेम हातभर अंतर राखून तो बाजूने निघून गेला.

"डोळे फुटलेत का मेल्याचे!" काका गरजले.

"माणसं मारायला निघालेत नुसते," आई छातीवर हात ठेवून म्हणाली.

खरं काय घडलं ते फक्त टिटवीला ठाऊक होतं. भरल्या सभागृहात घडाघडा बोलणारी ती, पण इथे प्रश्न बाबांचा होता. काकांच्या देखत बोलायचं तरी कसं? आणि गप्प बसायचं तरी कसं? पुढचा ट्रक असा सांभाळून घेणारा असेलच कशावरून?

"थांबवा," ती कशीबशी म्हणाली. "मला उलटी होतेय."

रस्ता जिथे जरा रुंद झाला तिथे गाडी थांबली. काकू पाण्याची बाटली घेऊन धावल्या. त्यांना नको म्हणून टिटवी एका मोठ्या खडकामागे गेली. मागोमाग बाबा आले.

"बरं वाटतंय का गं?"

"मला काही झालेलं नाही, बाबा. तुमचे पाय कापतायत."

"थंडी आहे."

"गाडीत हीटर चालू होता."

बाबांनी मान फिरवली. वारा असा बोचरा होता की डोळ्यांतून पाणी यावं, आणि बाबांच्या डोळ्यांत ते आलंही होतं.

"काकाला सांगू नकोस. जन्मभर चिडवेल."

बाबांनीच तिला कधीतरी बसडेपोतली एक रीत सांगितली होती. कुणी तापाने फणफणला असेल, कुणाच्या घरी कुणी गेलं असेल, तर त्याने चावी साहेबांच्या टेबलावर ठेवायची आणि बाकावर जाऊन बसायचं. का म्हणून कुणी विचारत नाही. बस दुसरा नेतो.

टिटवीने हात पुढे केला. पंजा उघडा.

बाबांनी त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. खिशात चावी किणकिणली, थांबली, पुन्हा किणकिणली. आणि मग ती टिटवीच्या तळहातावर आली, घामाने ओली, कोमट.

काकू रोज शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायच्या. टिटवीने चावी त्यांच्या हातात दिली. काकूंनी आधी चावीकडे, मग बाबांकडे पाहिलं. "द्या भावोजी, मीही जरा हात साफ करून घेते."

"हे काय? बसचा संप की काय?" काका म्हणाले.

"तुम्ही पुढे बसा," काकू म्हणाल्या, "आणि तोंड बंद ठेवा."

बाबा मागे, आई आणि टिटवी यांच्या मधे बसले. डोळे गच्च मिटलेले. आईने काही न विचारता त्यांचा हात मांडीवर घेतला. खिडकीबाहेरून बर्फाचे सुळके सरकत होते. टिटवीने एकाचंही वर्णन केलं नाही.

खिंडीच्या माथ्यावर सगळे उतरले. बाबा उतरले नाहीत, म्हणून टिटवीही त्यांच्याजवळ गाडीतच राहिली. थोड्या वेळाने काका एकटेच परत आले आणि दाराशी उभे राहिले. ते काही बोलणार, तोच बाबा म्हणाले, "मघाचा तो ट्रकवाला."

"त्याचं काय?"

"तो बरोबर होता. चुकीच्या बाजूला मी होतो. माझे हात वळलेच नाहीत रे. त्याने आपल्याला वाचवलं आणि तुम्ही त्याला शिव्या दिल्यात. मी ऐकत बसलो."

काका आता काहीतरी बोलणार आणि बाबा मोडून पडणार, असं टिटवीला वाटलं.

काका आत चढले, बाबांच्या शेजारी बसले आणि वारा येऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं.

"परत जायचाही रस्ता हाच आहे," बाबा म्हणाले.

"हो."

"वहिनींनाच चालवू दे."

"बरं," काका म्हणाले. समोर सगळे डोंगर उघडे पडले होते, पण ते बघायला ते खाली उतरले नाहीत.