नवव्या पानावर थांबलेलं भिंग

मित्रांनो, जरा जवळ या. अजून जवळ. मला लांब धरून बघितलं तर सगळं उलटं दिसतं, त्यात माझा दोष नाही.

मी एक जुनं भिंग आहे. पितळेचं कडं, शिसवी मूठ, आणि मुठीला गुंडाळलेला जांभळा दोरा. मूठ एकदा तडकली, तेव्हा तो अंबिकाबाईंनी बांधला. हे नाव लक्षात ठेवा.

औरंगपुऱ्यातल्या एका घड्याळजीच्या दुकानातून केशवरावांनी मला विकत घेतलं. ते दस्तलेखक. रजिस्ट्री कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांची खरेदीखतं लिहून द्यायचे. म्हातारी माणसं त्यांना अर्जनवीस म्हणायची. त्यांचा एक नेम होता. सहीआधी मला हातात घेऊन शेवटच्या पानापासून मागं वाचत यायचं. "पहिल्या पानावर सगळेच गोड असतात," ते म्हणायचे. "खोट मागं लपते."

दुपारनंतर मात्र त्यांचे डोळे दुखायचे. मग डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नी, म्हणजे अंबिकाबाई, शेजारी बसून मला हातात घ्यायच्या. शाळा सातवीतच सुटलेली, पण दस्त वाचून वाचून दस्ताची भाषा त्या आपल्या आपण शिकल्या होत्या.

एकदा फुलंब्रीचे काकासाहेब जमीन घ्यायला आले. मध्यस्थानं मसुदा आणलेला, आणि त्याला भारी घाई. माझ्याखालून ओळी सरकत गेल्या आणि एका जागी हात थांबला. जमिनीसोबत बोलण्यात ठरलेला विहिरीतला हिस्सा कागदात नव्हताच!

"आता पाण्याबिगर काय ढेकळं चघळू का रं?" काकासाहेब मध्यस्थावर उसळले. मग केशवरावांकडं वळून त्यांनी हात जोडले. "लई बारीक नजर तुमची, राव!"

केशवराव हसले. नमस्कार त्यांनी स्वतःकडंच ठेवून घेतला. थांबलेला हात अंबिकाबाईंचा होता. त्या दिवशी केशवरावांना शाबासकी मिळाली, मलाही थोडी मिळाली. अंबिकाबाईंना रिकामा डबा मिळाला. ही विहिरीची गोष्ट केशवराव पुढं आपल्या मुलीला, स्वरदाला, रंगवून सांगायचे. त्यातही तो हात त्यांचाच असायचा.

मग दस्त संगणकावर निघू लागले. केशवरावांना काचबिंदूनं गाठलं, टेबल उठलं. उस्मानपुऱ्यातल्या घरी मी ड्रॉवरमध्ये संपलेल्या सेलांच्या शेजारी जाऊन पडलो. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघायची, पायात रुतलेलं कुसळ शोधायचं, रव्यात किडा आहे का ते बघायचं. एवढंच काम उरलं. तक्रार नाही माझी. पण कागदाचा वास आठवायचा.

यंदा एका मंगळवारी स्वरदाचा जर्मनीहून फोन आला. ती तिथं नोकरीला आहे. सात वर्षं भाड्याच्या घरात काढल्यावर तिला दोन खोल्यांचं एक घर मनापासून आवडलं होतं. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं म्हणे.

"बाबा, एजंट म्हणतो, घर धरून ठेवायचे पैसे शुक्रवारपर्यंत भर, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आणि त्याचं कमिशन सगळं मीच द्यायचं."

"अगं, म्हणजे इसारच की तो," केशवराव म्हणाले. "देऊन टाक. इसार गेला की शब्द पक्का. दलाली काय, आपल्याकडंही घेणारा देतोच."

"आपल्याकडं दोन्हीकडून घेतात, अहो," अंबिकाबाई आतून बोलल्या. "हा एकट्या पोरीच्याच पर्समध्ये हात का घालायलाय?"

"तिकडचा कायदा तुला काय माहीत?"

"नाहीच माहीत. म्हणून तर विचारायलेय. स्वरदा, कागद पाठव बाई. मराठी करून पाठव."

मराठी फोननंच केलेलं होतं. त्यात एजंटला 'माननीय प्रतिनिधी' म्हटलेलं. "माननीयांना घाई बघा किती!" म्हणत अंबिकाबाई औरंगपुऱ्यात जाऊन ते छापून घेऊन आल्या. काटकसर म्हणून एका कागदावर चार-चार पानं! अक्षरं मोहरीएवढी. मग काय, ड्रॉवर उघडावाच लागला.

किती दिवसांनी मी कागदावर उतरलो, मित्रांनो! अकराव्या पानापासून मागं निघालो. नवव्या पानावर हात थांबला.

"अहो, ऐका. 'ही रक्कम घराच्या किमतीत धरली जाणार नाही. व्यवहार न झाल्यास परत केली जाणार नाही.'"

केशवराव ताठ बसले. "मग तो इसार कसला? इसार किमतीतून वजा होतो."

"आणि विकणारा या एजंटला काय देणार, ते अकरा पानांत कुठंच नाही. गिऱ्हाईक तर त्याच्यासाठीच शोधलंय ना?"

केशवरावांनी फोनवरून कळवलेला हाच प्रश्न घेऊन स्वरदा दुसऱ्या दिवशी तिथल्या ग्राहक सल्ला केंद्रात गेली. तिला कळलं ते असं: राहायला घर घेताना, एजंट विकणाऱ्यानं नेमलेला असेल, तर निदान अर्धी दलाली विकणाऱ्यालाच सोसावी लागते. त्यानं आपला वाटा भरल्याचं दाखवेपर्यंत घेणाऱ्यानं आपला द्यायचा नसतो. आणि घर धरून ठेवायचे पैसे असे छापील अटींमध्ये घालून मागणं तिथल्या कोर्टालाही मान्य नाही. तिनं हे सगळं एजंटला नीट लिहून कळवलं.

उत्तर नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रविवारी केशवराव चहा न पिताच म्हणाले, "तुझ्या बारीक नजरेपायी पोरीचं घर गेलं तर?"

मी स्वच्छच होतो, तरी अंबिकाबाई पदरानं मला पुसत बसल्या. त्यांची बोटं घामेजली होती, ते मला एकट्यालाच कळलं.

सोमवारी फोन वाजला.

"आई! कमिशन अर्धंच द्यायचंय, तेही मालकाची पावती बघून. घर धरून ठेवायचे पैसे माफ. दुसरं गिऱ्हाईक कुठं गेलं, देव जाणे. पुढच्या महिन्यात दस्त!" स्वरदा एका दमात बोलली. "बाबा, तुमची नजर अजून तश्शीच आहे हं!"

केशवरावांनी टेबलावर चाचपडत मला शोधलं आणि अंबिकाबाईंच्या हातात दिलं.

"माझी नाही गं. मी तर देऊन टाक म्हणून मोकळा झालो होतो. नववं पान तुझ्या आईनं धरलं." त्यांनी फोन जवळ ओढला. "फुलंब्रीच्या विहिरीची ओळपण तिनंच धरली होती. तेवीस वर्षं झाली. सांगायचं राहून गेलं."

"आई, विहिरीची ओळ तू धरलीस?" स्वरदानं विचारलं.

"राहून गेलं म्हणे!" अंबिकाबाई उठल्या. "सरका, माझी भाजी करपायलीय." आणि मला घेऊनच आत गेल्या. बराच वेळ त्यांनी मला मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. गॅसवर भाजी नव्हतीच.

मित्रांनो, घर फुलंब्रीत घ्या नाहीतर जर्मनीत, कुणी सहीची घाई केली की माझ्यासारख्या एखाद्याला ड्रॉवरमधून बाहेर काढा. हे पैसे कोणत्या कामाचे, आणि समोरचा किती देतोय, एवढं विचारायला लाजू नका. मला पुसायचं तर मऊ सुती फडक्यानं पुसा. फक्त काचेवर बोटांचे ठसे दिसले, तर पुसायच्या आधी ते कुणाचे आहेत तेवढं बघा.