डाळिंबी ठिपका

धाकट्याने जुने व्हॉल्व्ह उपसून काढले ते नुसत्या बोटांनीच. गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर आत्ताच बंद केला होता, बल्बसारख्या त्या व्हॉल्व्हची काच चांगलीच तापलेली होती. काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या टोपीवाल्या गिटारिस्टने आपलाच हात आखडून घेतला. धाकट्याला काही वाटलं नाही. दादा गेल्यापासून त्याला फारसं काही वाटतच नव्हतं. दुकान उघडायचं, पुढ्यात येईल ते खायचं, कुणी बोललं तर मान डोलवायची, झालं.

"ही तिसरी जोडी," गिटारिस्ट म्हणाला. "दादा होता तोवर एकच जोडी वर्षानुवर्षं हूं की चूं करायची नाही. संध्याकाळी कार्यक्रम आहे माझा. हीही गेली तर मी दुसरं दुकान बघतो. राग मानू नकोस."

"नाही मानत," धाकटा म्हणाला, आणि ते खरंच होतं.

त्याने नवी जोडी बसवली. नवे व्हॉल्व्ह घातले की त्यांना किती करंट मिळावा, ते मागच्या बाजूचा एक बारीक स्क्रू फिरवून ठरवावं लागतं, एवढं तर तो दुकानात लुडबुडायला लागल्यापासून शिकला होता. पण या स्क्रूवर डाळिंबी नेलपॉलिशचा ठिपका होता. स्क्रू आपोआप हलू नये म्हणून दादा काम झालं की असा ठिपका लावायचा. दादाच्या हातची बाकीची कामं गिऱ्हाइकं केव्हाच घेऊन गेली होती. परत परत दुकानात यायचा तो हा अ‍ॅम्प्लिफायरच. आधीच्या दोन्ही वेळी धाकट्याने स्क्रूड्रायव्हर उचलून खाली ठेवला होता. आजही ठेवला.

त्याने बटण दाबलं. गिटारिस्टने तार छेडली. थोड्याच वेळात व्हॉल्व्हच्या आतला करडा पत्रा तांबडा व्हायला लागला. हा पत्रा लाल झाला म्हणजे व्हॉल्व्ह हातचा गेला, हे धाकट्याला कळत होतं. कळूनही हात हलत नव्हता.

मागे केबलची भेंडोळी गुंडाळत बसलेल्या वहिनीने मान वर केली.

"भाऊजी, बंद करा ते."

तो जागचा हलला नाही. ती उठली, तिनेच बटण बंद केलं आणि वाकून पाहिलं.

"अगंबाई, हे तर माझं नेलपॉलिश!"

"दादाने लावलंय. शेवटचं. मी नाही हात लावणार त्याला."

वहिनी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग डोळे भरलेले असतानाच तिला हसू फुटलं.

"शेवटचं कसलं? व्हॉल्व्ह बदलला की हे आधी तो ठिपका फोडायचे आणि मग नवा लावायचे. माझ्या बाटल्यांचा नुसता फडशा पाडला."

तिने अंगठ्याच्या नखाने ठिपका खरवडला. त्याचा टवका काउंटरवर पडला.

"बटण मी दाबते. तुम्ही फिरवा."

धाकट्याने मीटर लावला. स्क्रू सहज फिरला. पत्रा करडाच राहिला. गिटारिस्ट टोपी मागे सारून वाजवायला लागला आणि थांबायचं विसरून गेला.

व्हॉल्व्ह नीट बसलाय का बघायला धाकट्याने बोट टेकवलं.

"आई गं!"

"भाजलं?"

"भाजलं," तो म्हणाला. बोट फुंकता फुंकता त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग म्हणाला, "वहिनी, नेलपॉलिश दे."

"ते संपलं. आता तुमच्या आवडीचा रंग आणा."

तो आणायला निघाला. आपल्याला कुठला रंग आवडतो, ते त्याला दारापाशी पोहोचल्यावर आठवलं.