चौसष्टावं कांबळं

नदी तुरुंगात शिरून तीन दिवस झाले होते. खालच्या कोठड्या बुडाल्या, मागची भिंत पडली आणि सगळे कैदी वरच्या एका खोलीत आले. एकूण त्रेसष्ट. म्हातारा हवालदारही त्यांच्याबरोबर तिथेच अडकला.

सकाळची गिनती तो नेहमीसारखीच घ्यायचा. कैदी डोक्यावरून कांबळं घेऊन झोपलेले असायचे. एकेका कांबळ्याला काठीचं टोक लावायचं, आतून ‘हं’ आलं की पुढे. आज चौसष्ट भरले. तो परत फिरला. पुन्हा चौसष्ट.

चूक आपलीच, असं तो धरून चालला. बायको जाऊन पाच महिने झाले, तरी सकाळी त्याच्या हातून चहाचे दोन कप मांडले जायचे.

तिसऱ्या खेपेला खिडकीखालच्या कांबळ्याला काठी लावली. ‘हं’ आलं, पण ते शेजारच्या कांबळ्यातल्या न्हावी कैद्याच्या तोंडून. हवालदाराने कांबळं उचललं. आत हरणी होती. पोट टम्म, पाय दुमडलेले, अंग लटलट कापत होतं.

“गाभण आहे, मामा,” न्हावी म्हणाला. “पोहत आली आणि जिना चढली.”

“लोक इथून पळून जातात.”

“हिला बाहेरची हवा मानवली नसेल.”

कोणीतरी खुदकन हसलं. हवालदाराला हसू आलं नाही. काल असाच एक कोल्हा आला होता. जनावर आत नको, हा जेलरसाहेबांचा हुकूम. हवालदारानेच त्याला काठीने पाण्यात ढकललं. दोनदा डोकं वर आलं, मग नाही.

खाली होडी भिंतीला लागली. “हवालदार, गिनती?” साहेबांनी हाक दिली.

न्हाव्याने कांबळं पुन्हा हरणीवर ओढलं.

हवालदार खिडकीशी गेला. “त्रेसष्ट, साहेब.”

“आत जनावर-बिनावर?”

“काल होतं. ते मी काढलं.”

“मग एवढा वेळ का लागला?”

“मोजताना चुकत होतो. एक जादा येत होतं.”

साहेबांना त्याच्या घरचं ठाऊक होतं. “पडून घे थोडा वेळ,” ते म्हणाले, आणि होडी वळली.

हवालदाराचे गुडघे ठणकत होते. तो आपल्या कोपऱ्यात गेला. तिथे नुसती फरशी होती.

“माझं कांबळं कुठंय रे?”

न्हाव्याने हरणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“हं,” हवालदार म्हणाला, आणि तसाच फरशीवर आडवा झाला.