बंद शटरसमोरचं कुटुंब

आमच्या दुकानात झोप विकतात. म्हणजे गाद्या, उशा आणि पलंग विकतात, पण तसं म्हणायचं नाही, असा वरून हुकूम आहे. गिऱ्हाईक आलं की मी त्याला बूट काढायला लावतो, गादीवर आडवं करतो आणि पायथ्याशी उभा राहून मऊ आवाजात विचारतो, झोप पुरेशी होते ना तुमची? माणूस विरघळतोच. इतक्या मायेनं त्याला कित्येक वर्षांत कुणी विचारलेलं नसतं. मला विचारायचं मात्र आजवर कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी आमची गत.

दुकान नऊला उघडतं. नोकरीच्या कागदावर नऊ, पगार सुरू होतो नऊला, आणि मीही इतकी वर्षं नऊला हजर होतो. मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, वाईट माणसाशी निदान भांडता तरी येतं. हे गोड होते. पहिल्याच दिवशी आम्हाला गोळा केलं आणि म्हणाले की हे दुकान नाही, हे कुटुंब आहे. परका माणूस नातं जोडायला लागला की समजावं, आता हा काहीतरी फुकट मागणार.

आणि मागितलंच. नऊला दुकान उघडतं म्हणजे नऊच्या ठोक्याला आपण तयार असायला नको का, असं त्यांचं म्हणणं. मग अर्धा तास आधी यायचं, हातपाय हलवायचे, मन तयार करायचं. घरच्या कार्याला कुणी घड्याळ बघून येतं का? आमच्या कॅशियरताईंनी भाबडेपणानं विचारलं की हा अर्धा तास पगारात धरणार का. साहेबांचा चेहरा असा पडला, जणू सख्ख्या बहिणीनं जेवायला बोलावून ताटाचे पैसे मागितले. ताई, सगळंच पैशात मोजायचं का, असं ते इतक्या दुखावल्या आवाजात म्हणाले की ताईच ओशाळल्या. बाकीचे आम्ही? अळीमिळी गुपचिळी.

दुसऱ्या दिवसापासून सगळे अर्धा तास आधी. गाद्या उचलणारा आमचा पैलवान तर त्याच्याही आधी आला. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. झालं. पुढच्या आठवड्यात ताई पैलवानाच्या आधी, मग पैलवान ताईंच्या आधी, आणि जो आपला सांगितल्या वेळेला यायचा, म्हणजे मी, तो सगळ्यांत उशिरा आलेला. लवकर येऊन उशीर झाल्याबद्दल मान खाली घालणारा माणूस जगात मीच असेन.

आता खरी गंमत ऐका. शटरची चावी आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती. विमा कंपनीचा नियम आहे की कुलूप फक्त पहारा एजन्सीच्या माणसानंच उघडायचं. त्या एजन्सीच्या एक मावशी आहेत. त्यांचं काम नऊला सुरू होतं आणि नऊच्या आधी बोलवायचं तर एजन्सी जादा पैसे लावते. ते पैसे द्यायला कंपनी तयार नव्हती. म्हणजे आम्ही अख्खं कुटुंब अर्धा तास आधी येऊन कुठं उभं राहायचो? बंद शटरसमोर, फुटपाथवर. मावशी समोरच्या बाकावर बसून निवांत सफरचंद खायच्या आणि आमच्याकडे बघायच्या. नऊ वाजले की उठायच्या.

साहेब हुशार. त्यांनी त्या फुटपाथवरच सभा सुरू केली. काल किती उशा गेल्या, आज किती घालवायच्या, मग एक निर्धार, मग टाळ्या. सकाळी सकाळी शटरकडे तोंड करून गंभीर चेहऱ्यानं उभी असलेली माणसं बघून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हळूच विचारलं, कोण गेलं? आमचीच अक्कल गेलीय, असं सांगणार होतो, पण साहेब बघत होते. नऊला शटर वर गेलं की दिवे लावायचे, गाद्यांवरच्या चादरी काढायच्या, झाडलोट करायची. गिऱ्हाईक पूर्वीसारखंच दारात ताटकळायचं. हे सगळ्यांना दिसत होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

तरी मी हेही सोसलं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. माझी बायको इस्पितळात नर्स आहे, कायम रात्रपाळीला. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकतो तेव्हा ती चप्पल शोधत असते. ती सकाळी परत येते, आणि मी निघेपर्यंतचा जो काही अर्धा तास असतो, त्यात आमचा संसार. त्यात चहा, त्यात पाव, त्यात नळ गळतोय, त्यात तिच्या भावाचं काय झालं. तिच्या वॉर्डात कोण बरं होऊन घरी गेलं, कोण नाही, हे ती त्या वेळी सांगते, पाय माझ्या मांडीवर टाकून. कधी भांडतोही. भांडायलासुद्धा समोर माणूस लागतो हो. साहेबांनी नेमका तोच अर्धा तास उचलून फुटपाथवर नेऊन ठेवला होता.

आता ती यायची बसनं, आणि मी रस्त्याच्या पलीकडच्या थांब्यावर उभा असायचो. ती खिडकीतून हात करायची, मीही करायचो. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं आम्ही, आणि कॉलेजातल्या पोरांसारखे रस्त्यावरून खुणा करतोय. एके दिवशी तिनं खिडकीतून काहीतरी सांगितलं. बोट वर केलं, मान हलवली. मला वाटलं, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी संपलंय. मी अंगठा दाखवला, म्हणजे बघतो संध्याकाळी.

संध्याकाळी दारातच तिचा चेहरा दिसला. टाकी भरलेली होती. तिच्या वॉर्डात एक आजी कितीतरी दिवस होत्या, माझ्या बायकोशिवाय कुणाच्या हातून औषध घेत नसत. त्या आदल्या रात्री गेल्या होत्या. बायको तेच सांगत होती आणि मी तिला अंगठा दाखवला होता. ती घरी येऊन एकटीच रडली, एकटीनंच चहा केला आणि तो न पिता झोपली. त्या वेळी मी काय करत होतो? उशांचा खप वाढला म्हणून टाळ्या वाजवत होतो. मला माझीच लाज वाटली. मी साहेबांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली, पण तिला ते नको होतं.

"उद्या मी तिकडेच येते," ती म्हणाली.

"तिकडे कुठे?"

"तुमच्या सभेला. येताना चहा घेऊन येते."

मला वाटलं, रागात बोलली. पण दुसऱ्या दिवशी सभा रंगात आलेली असताना ती खरंच आली, इस्पितळातून थेट, अंगावर तोच गणवेश, हातात थर्मास. शटरच्या बाजूच्या पायरीवर बसली आणि शेजारची जागा हातानं झटकून माझ्याकडे बघितलं. साहेबांनी फार आदबीनं सांगितलं की वहिनी, मीटिंग चालू आहे.

"चालू द्या की," ती म्हणाली. "यांचा पगार नऊला सुरू होतो ना? तोवर हे माझे."

ज्यानं उठताबसता कुटुंब कुटुंब करायचं, त्यानं बायकोला हाकलायचं कुठल्या तोंडानं? शिवाय फुटपाथ काही कंपनीच्या बापाचा नव्हता. मी जाऊन बसलो. चहा प्यालो. आजींचं सगळं ऐकलं, शेवटी त्या काय म्हणाल्या तेही. टाळ्यांची वेळ आली तेव्हा बायकोनं पण वाजवल्या, तिला वाटलं रीत असेल.

मग बांध फुटला. दोन दिवसांत ताईंच्या सासूबाई घडीची खुर्ची घेऊन आल्या, कारण त्यांना सकाळचं ऊन हवं होतं आणि सूनबाईचं तोंडही. पैलवानाच्या जुळ्या मुली यायला लागल्या. एवढा आडदांड माणूस, साहेब निर्धार सांगत असताना दातांत रिबिनी धरून वेण्या घालायचा. सासूबाईंनी तर एकदा उशांचे आकडे चालू असताना मध्येच सांगितलं की तुमच्या दुकानातली गादी घेतल्यापासून माझी कंबर धरलीय. रस्त्यानं जाणारे दोघं थांबले. साहेबांनी त्या दिवशी निर्धार सांगितलाच नाही. तो पंधरवडा इतक्या मजेत गेला की मीसुद्धा वेळेआधी पोचायला लागलो.

कंपनीला शेवटी जाग आली. आता तुम्हाला वाटेल की अर्धा तास रद्द झाला. छे. कंपनीनं एजन्सीला जादा पैसे मंजूर केले. मावशी अर्धा तास आधी यायला लागल्या, शटर वर, दिवे चालू. म्हणजे लवकर येण्याचे पैसे अखेर मिळाले, पण दार उघडणाऱ्या बाईला, आत जाणाऱ्यांना नाही. साहेबांनी ही बातमी बक्षीस वाटल्यासारखी सांगितली आणि वर म्हणाले, आत फक्त कर्मचारी.

सासूबाई खुर्ची मिटून परत गेल्या. पैलवानानं एका पोरीची वेणी अर्धीच सोडली आणि आत गेला. ताईंनी माझ्याकडे बघितलं, आणि त्याही गेल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. प्रत्येकाच्या घरी चूल आहे. मीही उठलो होतो, खोटं कशाला सांगू. आपण काही शूरवीर नाही. बायको म्हणाली, जा तुम्ही. तिची रात्र वाईट गेली होती, डोळे मिटूनच बोलत होती. जाताना तिला उरलेला चहा ओतून द्यावा म्हणून मी क्षणभर खाली बसलो. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पेला हातात घ्यायच्या आतच झोपली. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी.

मागं काचेआड सभा चालू झाली. टाळ्या ऐकू आल्या, थांबल्या. मावशी दाराशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार हळूच लोटून घेतलं. मी हललो नाही. मनात म्हणत होतो, आता उठतो, आता उठतो. तेवढ्यात नऊ वाजले. नऊच्या आधी कंपनीचं घड्याळ रबराचं असतं, हवं तितकं ताणा. नऊनंतर ते लोखंडाचं होतं. एक मिनिट उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा पगार जातो, त्यात नातं आडवं येत नाही.

साहेब बाहेर आले. आधी मनगटाकडे, मग माझ्याकडे बघितलं. "नऊ वाजले," ते म्हणाले.

मी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, साहेब. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या गणवेशावर औषधाचा डाग होता, बुटाची एक नाडी सुटली होती. मग ते जरा वाकले आणि कुणी ऐकू नये अशा आवाजात कुजबुजले, "अर्धा दिवस कापावा लागेल मला."

"कापा," मी म्हणालो, आणि खांदा थोडा खाली केला. तिची मान अवघडत होती.